पिंजरा, पाटी आणि शिष्य

पुण्याच्या कॅम्पात, चारबावडीला, भर रस्त्यात एक दर्गा आहे. रहदारी त्याला वळसा घालून जाते आणि त्याबद्दल कुणाची कुरकुर दिसत नाही. हजरत बाबाजान ह्या फकीर बाई इथल्या कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं बसल्या, १९३१ साली पुण्यातच वारल्या, आणि झाडाच्या आसऱ्यानं दर्गा उभा राहिला. पेठांतल्या पुण्याची भक्ती चपला काढते, पाय धुते, रांगेत उभी राहते. कॅम्पातली भक्ती हातात बेकरीची पिशवी असताना, स्कूटर एका पायावर तोलून धरत, क्षणभर मान लववते आणि सिग्नल सुटायच्या आत पुढं जाते. ह्याच रस्त्यानं १९१३ साली मेरवान शेरियार इराणी नावाचा, डेक्कन कॉलेजात शिकणारा १९ वर्षांचा मुलगा सायकलवरून जात असे. बाबाजाननी त्याला जवळ बोलावलं. पुढं एकदा त्यांनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि त्यानंतर कित्येक महिने पोराला खाण्याची, झोपेची शुद्ध राहिली नाही. आई शिरीनमाई संतापली. तिच्या लेखी ह्या म्हातारीनं तिच्या चांगल्या शिकत्या मुलाचं वाटोळं केलं होतं. मुलानं मात्र तीच गोष्ट आपण जागे झालो त्या क्षणाची म्हणून सांगितली. पुढं जग त्याला मेहेरबाबा म्हणून ओळखू लागलं.

एका घरात एका घटनेचे दोन अर्थ लागले, आणि दोन्ही लावणारी माणसं शहाणी होती. कॅम्पातून निघून नगर रस्त्यानं साकोरीपर्यंत जाताना मला हाच धागा धरायचा आहे. आपल्याकडे एखाद्या बुवाचा वाद निघाला की पक्ष दोनच पडतात. एक म्हणतो, तो देव होता; दुसरा म्हणतो, तो भोंदू होता. शिष्याला ह्या भांडणात स्वतंत्र जागा नसते. पहिल्या पक्षाच्या मते तो तरलेला, दुसऱ्याच्या मते फसलेला. काही केलं असेल ते गुरूनं, शिष्याच्या बाबतीत ते फक्त घडलं. ह्या वाटेवरची ठिकाणं पाहिली की हे चित्र टिकत नाही. वादग्रस्त गुरूचा शिष्य भोळा असून भागत नाही. गुरूच्या वागण्याचा अर्थ लावण्याचं, न जुळणारे तुकडे जुळवण्याचं आणि जगापुढं मांडण्याजोगा गुरू उभा करण्याचं काम त्याच्याकडे असतं. हे काम त्याचं आहे असं मानलं, तर त्याचं श्रेय त्याला द्यावं लागेल आणि जाबही त्यालाच विचारावा लागेल.

रांजणगावचा गणपती आणि शिरूरची घोडनदी मागं पडली की रस्त्याकडेची हिरवळ विरळ होत जाते. माळ, बाभळी, ज्वारीची ताटं, मधूनच एखादं शेततळं. सुप्यानंतर हवेतला कोरडेपणा ओठांना जाणवतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. माणसं मोकळी आणि थोडी आडदांड. पुण्यात अनोळखी माणसाला पत्ता विचारला की पत्ता मिळतो. नगरकडे पत्ता विचारला की आधी तुमचं गाव विचारलं जातं, मग काम, आणि पत्ता शेवटी. जेवणात शिपी आमटी येते, झणझणीत, वर तेलाचा तवंग, आणि भाकरी ताटात न वाढता हातावर ठेवली जाते. पुण्याच्या आमटीतला गूळ आणि आमसूल इथं शोधू नये.

ह्याच शहरातलं एक इराणी घर ह्या गोष्टीत मोलाचं आहे. गुलमाई इराणी ही सधन घरातली बाई १९२० च्या सुमारास साकोरीच्या उपासनी महाराजांकडे जाऊ लागली. अग्नीची पूजा करणाऱ्या समाजातली बाई गोणपाट नेसणाऱ्या ब्राह्मण साधूच्या पायाशी बसते, हे तेव्हाच्या पारशी-इराणी मंडळींना मानवणारं नव्हतं. महाराजांनी तिला तरुण मेरवानकडे लक्ष द्यायला सांगितलं. पुढं ह्याच कुटुंबाचा आधार मेहेरबाबांच्या नगरमधल्या वास्तव्याला मिळाला. एका गुरूनं आपली शिष्या दुसऱ्याकडे सोपवली, असं भक्त सांगतात. ते खरं आहे, पण अर्धं. सोपवल्यावर जायचं की नाही, घर उघडायचं की नाही, नातेवाइकांचे टोमणे किती दिवस सोसायचे, हे सगळं गुलमाईनं ठरवलं. महाराज तेव्हा साकोरीत होते.

नगरहून दौंडच्या दिशेनं गेलं की अरणगाव, आणि गावालगत मेहेराबाद. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी तळाची ही जागा. मेहेरबाबा १९२३ साली इथं आले तेव्हा पडक्या खोल्या, एक विहीर आणि टेकडीवरची पाण्याची टाकी एवढंच होतं. दौंड-मनमाड लोहमार्ग मेहेराबादचे दोन भाग करतो. खाली धुनी, रूळ ओलांडून वर गेलं की समाधी. समाधीच्या घुमटाभोवती चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं आहेत आणि आतल्या भिंतींवर हेलेन डाम ह्या स्विस चित्रकर्तीनं १९३८ साली काढलेली चित्रं. आंध्रातून आलेलं एखादं कुटुंब, उत्तर प्रदेशातल्या हमीरपूरकडचे शेतकरी, आणि गिटार घेऊन आलेला एखादा अमेरिकन, सगळे 'जय बाबा' म्हणत एकाच संगमरवरी शिळेवर डोकं टेकतात. आरती कधी हिंदीत, कधी गुजरातीत, कधी इंग्रजीत. मराठी देवळात आरतीला टाळ्यांचा गजर लागतो, घंटा लागते, कुणीतरी चुकीच्या कडव्यात शिरतो आणि हसतो. इथली शांतता त्या मानानं बरीच परदेशी आहे. ती बाबांच्या मौनातून आली असं सांगतात. मला वाटतं, ती बरीचशी पाहुण्यांच्या वळणातून आली असावी.

मौनाची गोष्ट अशी. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत मेहेरबाबा बोलले नाहीत. आधी अक्षरं लिहिलेली एक पाटी होती. तिच्यावर बोट भराभर फिरायचं आणि जवळचे शिष्य मोठ्यानं वाचून दाखवायचे. १९५४ साली तीही सुटली आणि नुसत्या खुणा राहिल्या. त्या खुणा बोलून दाखवण्याचं काम प्रामुख्यानं एरच जेसावाला ह्यांनी केलं. १९५५ साली निघालेला 'गॉड स्पीक्स' हा ग्रंथही पाटीवरून आलेला. आता जरा थांबून पाहा. ज्याला भक्त युगाचा अवतार मानतात त्याचा आवाज, त्यातले चढउतार, विनोद नेमक्या जागी टाकण्याची हातोटी, हे सगळं ४० वर्षं शिष्यांच्या घशातून आलं. कीर्तनकाराच्या मागं झीलकरी असतो, पण कीर्तन कीर्तनकाराचंच असतं. इथं झील धरणाराच कीर्तन सांगत होता. ह्याला निव्वळ आज्ञाधारकपणा म्हणणं म्हणजे ग्रंथाच्या लेखनिकाला टाक म्हणण्यासारखं झालं.

इथं आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. आपण मौन सोडू, एक शब्द उच्चारू आणि जग बदलेल, असं मेहेरबाबा वारंवार सांगत आले. ते घडलं नाही. १९३० च्या आसपास इथं येऊन गेलेल्या पॉल ब्रंटन ह्या इंग्रज लेखकानं आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी चांगलीच निराशा नोंदवली आहे. शब्द पाळला न जाताही भक्ती वाढते, तेव्हा तिच्यावर कुठल्याही पुराव्याचा परिणाम होणार नाही, ती आंधळीच, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. भक्तांचं उत्तरही ठरलेलं: शब्द उच्चारला गेला, आतल्या आत, ज्याला ऐकू आला त्याला आला. हे उत्तर मला पटत नाही. कशानंही खोटं पडू शकत नाही असं विधान काहीच सांगत नसतं. पण ह्या आक्षेपातून एक गोष्ट निसटते. फसलेली माणसं हिशेब चुकला की निघून जातात, नाहीतर चिडतात. इथले शिष्य १९६९ नंतर राहिले, त्यांनी न बोललेल्या शब्दाचा वार्षिक दिवस केला. दर १० जुलैला ते स्वतः मौन पाळतात. गुरूनं मोडलेल्या वचनाचं शिष्यांनी स्वतःसाठी व्रत केलं. ते शहाणपणाचं की वेडेपणाचं ह्यावर भांडता येईल, ते शिष्यांचं आहे ह्यावर भांडण नसावं.

नगरच्या उत्तरेला पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद आहे. मेहेराबादच्या मानानं हे घरगुती. बाग, व्हरांडा, सावली. मेहेरा इराणी ही बाबांची सर्वांत जवळची शिष्या इथं राहिली. तिच्यावर अनेक वर्षं कडक बंधनं होती. परपुरुषाकडे पाहायचं नाही, त्याचा आवाजही कानावर येऊ द्यायचा नाही. आजच्या वाचकाला हे वाचून गुदमरायला होईल, आणि झालं पाहिजे. मात्र १९६९ नंतर हीच मेहेरा व्हरांड्यात बसून जगभरातून आलेल्या माणसांना बाबांच्या आठवणी सांगू लागली, ते थेट १९८९ साली तिचा मृत्यू होईपर्यंत. आपल्या खिडकीबाहेरच्या झाडाच्या सालीत तिला बाबांचा चेहरा दिसला, आणि मग तो इतरांनाही दिसू लागला. झाड तिथंच होतं, सालही आधीपासून तशीच होती.

विळद घाट ओलांडून राहुरीकडे निघालं की देखावा पालटतो. मुळेचं आणि मग प्रवरेचं पाणी. ऊस, कारखान्यांची धुराडी, उसाच्या गाड्यांमागं लांबलेली रांग, मळीचा वास. गुऱ्हाळावर रस मागितला तर आलं-लिंबू विचारायची पद्धत नाही, ते घातलेलंच असतं. सुबत्ता आली तसे भिंतींवरचे बुवा वाढले. ट्रॅक्टरच्या काचेवर, पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर, मंगल कार्यालयाच्या फलकावर कुणा ना कुणा महाराजांची छबी असते. ह्या रस्त्यावर विवेकवाद्यांची आठवण काढणं भाग आहे. १९३० च्या दशकात किर्लोस्कर मासिकानं बुवाबाजीवर झोड उठवली, पुढं अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया' लिहून प्रेक्षागृहं हसवली, आणि आपल्याच काळात नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. शिष्याला कर्ता म्हणणं म्हणजे ह्या माणसांच्या कष्टांवर पाणी ओतणं, गुरूला मागच्या दारानं सोडून देणं, असा आक्षेप त्यांच्या बाजूनं येऊ शकतो. मला तो उलट वाटतो. शिष्य नुसता बळी ठरला की गुरू पकडला गेल्यावर शिष्य मोकळा होतो आणि दुसरा गुरू शोधायला निघतो. महाराष्ट्रानं हे किती वेळा पाहिलं. दाभोलकरांचा भर शोषणावर होता, आणि शोषण एकट्या माणसाला जमत नाही. त्याला अर्थ लावून देणारी, 'महाराजांच्या करणीत काहीतरी हेतू असेल' असं दाराशी उभं राहून सांगणारी माणसं लागतात. ती मोजलीच गेली नाहीत तर हिशेब अपुरा राहतो.

कोल्हारची प्रवरा, बाभळेश्वर, मग राहात्याचे पेरू. रस्त्याकडेला पाट्या मांडून बसलेल्या बाया पेरू चिरून त्यावर तिखट-मीठ भुरभुरून हातात ठेवतात. साकोरी इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण गोष्टीच्या क्रमानं शिर्डी आधी येते, म्हणून साकोरीवरून पुढं जायचं आणि मागं वळायचं. काशिनाथ गोविंद उपासनी, जन्म १८७० चा, सटाण्याचे. अमरावतीला वैद्यकी केलेले. १९११ साली ते शिर्डीला आले आणि साईबाबांनी त्यांना खंडोबाच्या देवळात राहायला सांगितलं. समाधी मंदिराची रांग, लाडवांची पाकिटं, हॉटेलांचे दिवे ह्यांच्या गजबजाटात खंडोबाचं हे जुनं देऊळ अजूनही साध्या वस्तीचंच वाटतं. ह्या देवळात उपासनी जवळजवळ तीन वर्षं राहिले. साईबाबांनी त्यांची पूजा करवली तेव्हा गावातले बरेच लोक खवळले. मशिदीतल्या फकिराचा हा ब्राह्मण वारस त्यांना नको होता. इथंच १९१५ साली मेरवान भेटायला आला आणि उपासनींनी एक दगड उचलून त्याच्या दिशेनं भिरकावला. दगड कपाळाला लागला, रक्त आलं. बाबाजाननी जिथं चुंबन घेतलं होतं नेमका तिथंच लागला, असं शिष्यपरंपरा सांगते. दगड लागला ही घटना आहे. 'नेमका तिथंच' हे शिष्यांचं काम, आणि काम म्हणून ते असामान्य आहे. पुण्यातल्या मुसलमान फकीर बाईला आणि शिर्डीतल्या ब्राह्मण साधूला त्यांनी एका इराणी पोराच्या कपाळावर आणून जोडलं. आपल्याकडच्या समन्वयाच्या परिषदांना शंभर ठराव करून हे जमलेलं नाही.

आता साकोरी. शिर्डीच्या मानानं शांत. नारळवाला तुमच्या मागं धावत नाही. १९१७ पासून उपासनी इथं राहिले, आणि त्याआधी खरगपूरला सफाई कामगारांच्या वस्तीत राहून आले होते. अंगावर गोणपाट, तोंडात शिव्या, कधी काठी. डिसेंबर १९२२ मध्ये त्यांनी स्वतःला बांबूच्या लहानशा पिंजऱ्यात कोंडून घेतलं आणि वर्षाहून अधिक काळ त्यातच काढला. पिंजऱ्यातून बोललेलं शिष्यांनी उतरवून घेतलं. मेहेरबाबांच्या वर्तुळात गांधीजींच्या भेटीची हकिकत सांगतात: गांधीजी भेटायला आले तेव्हा महाराजांनी अंगावरचं वस्त्र वर केलं आणि तू मोठा असशील, मला काय त्याचं, अशा अर्थाचं बोलून त्यांना वाटेला लावलं. १९३१ साली 'राजपुताना' बोटीवर गांधीजींनी हे मेहेरबाबांच्या कानावर घातलं, तेव्हा बाबांनी आपल्या गुरूचं श्रेष्ठत्वच सांगितलं. एकाला अश्लीलता दिसली, दुसऱ्याला पूर्णत्व. गांधीजींना दिसलं ते चूक म्हणण्याचं कारण मला सापडत नाही. पण पुढं साकोरीत जे झालं ते पहिल्या अर्थातून होणं शक्य नव्हतं, हेही तितकंच खरं.

ते असं. उपासनींनी कन्याकुमारी स्थान उभं केलं, अनेक मुलींशी विधीपूर्वक लग्नं लावली आणि त्यांना ब्रह्मचारिणी म्हणून वेदमंत्र, संस्कृत आणि यज्ञाचे विधी शिकवण्याची व्यवस्था केली. गदारोळ झाला, वर्तमानपत्रं तुटून पडली, प्रकरण कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलं. सनातन्यांना बायांनी वेद म्हणणं सहन होईना आणि सुधारकांना एका म्हाताऱ्याचं इतक्या मुलींशी लग्न. आजही साकोरीत स्त्रिया यज्ञ करतात, स्वर लावून ऋचा म्हणतात. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवणारे वर्ग निघाले ते १९७० च्या दशकात, आणि तेव्हा त्यांचं केवढं कौतुक झालं. साकोरीच्या बाया त्यांच्या ४० वर्षं आधी मंत्र म्हणत होत्या. ते कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नाही, कारण त्यांचा गुरू अडचणीचा होता. गुरूकडे पाहून शिष्यांचं मोल ठरवण्याची आपली खोड इतकी जुनी आहे.

ह्याच अंगणात माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. ह्या कन्यांमधल्या प्रमुख गोदावरी हातवळीकर. जन्म १९१४ चा, साकोरीला आल्या १९२४ साली. दहा वर्षांच्या मुलीला कर्ता म्हणायचं? तिनं गुरू निवडला की घरच्यांनी तिला त्याच्या ओटीत घातलं? उत्तर उघड आहे. दहा वर्षांच्या मुलीनं काही निवडलेलं नसतं, आणि भक्तीचं कुठलंही पुढचं फळ दाखवून त्या वेळच्या मोठ्या माणसांना माफी मिळत नाही. त्या काळी सगळ्याच मुलींची लग्नं अशी न विचारता होत, हा बचाव मला ऐकायचा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर पुण्यात रान उठलं होतं, प्रश्न माहीत नव्हता असं नाही. माझं म्हणणं एवढंच की माणूस दहाव्या वर्षी थांबत नाही. २४ डिसेंबर १९४१ ला उपासनी गेले तेव्हा गोदावरी २७ वर्षांच्या होत्या. शिव्या, काठी, पिंजरा, लग्नं, खटले, ह्या सगळ्या वारशातून काय ठेवायचं आणि काय पुढं न्यायचं नाही, हे त्यांना ठरवता येत होतं आणि त्यांनी ठरवलं. पिंजऱ्यात पुन्हा कुणी बसलं नाही. कन्यांशी लग्न करणारा दुसरा महाराज साकोरीत आणला गेला नाही. यज्ञ राहिला, वेदपाठ राहिला, आणि स्थान एका बाईच्या हाताखाली राहिलं. एकाही ठिकाणी त्यांनी गुरूला नाकारलं नाही. गुरूच्या नावानंच त्यांनी गुरूच्या पद्धतीतला अर्धा भाग मिटवून टाकला. इतकी काटछाट आंधळ्या भक्तीला जमत नाही.

उपासनी महाराजांनी साकोरी २४ वर्षं चालवली. गोदावरी मातांनी, १९९० साली त्या गेल्या तोवर, ४९ वर्षं.